शेवटचं प्रकरण नानांकडे

३ फेब्रुवारी

शेपूट,

प्रिय वगैरे लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. चार वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, इथे कुणाला काही झालेलं नाही. मला एकच गोष्ट विचारायची आहे आणि फोनवर विचारली तर तू मध्येच ठेवून देशील. पत्र रागाने फेकलं तरी पुन्हा उचलता येतं.

दर शनिवारी संध्याकाळी लागणारी 'लोटलेलं दार' ही मालिका तू लिहितेस का?

लगेच नाही म्हणू नकोस, आधी ऐक. त्या मालिकेत एक बाप आहे. भाड्याने पुस्तकं द्यायची त्याची लायब्ररी आहे. रहस्यकथा आली की तो शेवटचं प्रकरण पातीने अलगद कापून काढतो आणि खणात ठेवतो. सभासदाने उरलेलं पुस्तक वाचायचं, परत येऊन खुनी कोण ते सांगायचं, मग खण उघडणार. चुकलं तरी पानं मिळतात, पण आधी डोकं चालवायचं. आता तूच सांग, असा दुसरा माणूस जगात कुठे आहे? दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर लोकांनी त्याचं दुकान बंद पाडलं असतं. आपल्या नानांकडे मात्र लोक त्यासाठीच यायचे.

पुढे ऐक. मालिकेतली आई चहा घेऊन दुकानात येते आणि जो बिचारा डोकं खाजवत उभा असतो त्याच्या कानात शेवट सांगून टाकते. "नर्सने मारलंय. जा आता घरी, जेवण गार होत असेल." हे आपल्या आईचं वाक्य आहे, काना-मात्रेचाही फरक नाही. ते ऐकल्यावर मी उठून स्वयंपाकघरात गेले. रडायला नाही, गॅस बंद आहे का बघायला.

आणि थोरली बहीण! परत आलेल्या पुस्तकाचा वास घेते, पानं झटकून बिस्किटांचा चुरा काढते, डाग दाखवून लोकांना फैलावर घेते. मालिकेत तिला सगळे हवालदार म्हणतात. मला फौजदार कोण म्हणायचं, शेपटे? नाव बदलायचं होतं तर निदान बढती तरी द्यायचीस.

लेखकाच्या जागी नाव येत नाही. नुसतं 'एक जुना सभासद' असं येतं आणि तेही डोळ्याची पापणी लवेपर्यंत पुसलं जातं. आपल्या लायब्ररीचं सभासद क्रमांक एकचं कार्ड कुणाच्या नावावर होतं, ते मी सांगायला नको. अक्षरओळख नव्हती तेव्हा नानांनी दिलं होतं तुला. जाहिरात कंपनीत शब्द पाडून तुझं पोट भरत असेल, मन भरत नसणार, हेही मला कळतं.

मालिका वाईट नाही. वाईट असती तर मी एवढी चिडले नसते. बाप छान घेतलाय, आई तर फारच. पण शर्टावरच्या रक्ताचं काहीतरी करा. मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते, रोज डाग बघते. सुकलेलं रक्त तपकिरी होतं. तुमच्याकडे ते तिसऱ्या भागातसुद्धा लालभडक आहे. आणि गुंड एवढे कडक इस्त्रीचे कपडे घालून कुठे निघालेत?

सध्या एक जाडजूड कादंबरी वाचतेय, एका निवृत्त न्यायाधीशाने लिहिलेली. चारशे पानं झाली, अजून साधं कुणी खोटंही बोललेलं नाही. त्यापेक्षा तुझी मालिका बरी. तुझी असेल तर.

उत्तर दे.

ताई


१७ फेब्रुवारी

शेपूट,

तुझं उत्तर मिळालं. दोन शब्द. "कुठली मालिका?"

ते मी चहा गार होईपर्यंत वाचत होते. निरपराध माणूस असं लिहीत नाही. त्याने लिहिलं असतं, "ताई, तुला वेड लागलंय का, माझा काय संबंध." दोन शब्द लिहिणारा माणूस बाकीचे गिळून बसलेला असतो. तू लहानपणीही अशीच होतीस, तोंडात गोळी असली की एवढंच बोलायचीस.

तू लिहीत असशील तर तुला इथली खबर कोण देतं, याचा आता मी विचार करतेय. कारण मागच्या भागात हवालदारबाई चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होती. तू गेल्यानंतर मला चष्मा लागला. तुला कसं कळलं? तुझे भावोजी म्हणतात, चष्मेवाल्या सगळ्याच बायका तसं करतात. पण भावोजी टीव्हीवर हवामानाशिवाय काही बघत नाहीत, त्यांच्या साक्षीला काय अर्थ आहे.

राहिले नाना. माझ्या घरात तुझा माणूस असेल तर तो नानाच.

पुरावे सांगते. पहिला म्हणजे ते मालिका बघताना खुनी ओळखत नाहीत. ज्या माणसाने औषधाच्या जाहिरातीतसुद्धा दोषी कोण ते ओळखलं, तो माझ्या शेजारी मूग गिळून बसतो. मी विचारलं, "नाना, तुमचा अंदाज काय?" तर म्हणाले, "बघू या, घाई काय आहे." आणि शेवटची दहा मिनिटं राहिली की डोळे मिटून घेतात किंवा उठून जाऊन पडतात. ज्याला शेवट आधीच माहीत आहे तोच असं करतो.

दुसरा पुरावा, ते वरचेवर केस कापायला जातात. डोक्यावर उरलेत किती ते तुला माहीत आहे. येतात तेव्हा होते तेवढेच असतात. मी विचारलं, तर म्हणाले, "न्हाव्याशी गप्पा होतात." गप्पा होत असतीलच, पण न्हाव्याशी की फोनवर तुझ्याशी, हा प्रश्न आहे. दुपारचा दुसरा चहा सोडलाय. पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलंय. मन खात असलं की माणूस असा वाळतो.

आणि एक बारीकशी गोष्ट, जिचा अजून मेळ लागत नाही. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला कोपराच्या आतल्या बाजूला तपकिरी ठिपका होता. म्हणाले, चहा सांडला. मी सदरा गार पाण्यात टाकला आणि डाग निघून गेला. चहाचा डाग गार पाण्याला दाद देत नाही. शिवाय कोपराच्या आत चहा सांडायला माणूस कपाला मिठी मारून बसला होता का? कुठेतरी पाणी मुरतंय एवढं नक्की. मी डोळ्यांत तेल घालून आहे.

न्यायाधीशाची कादंबरी संपवली. खुनी नायकाचा जुळा भाऊ निघाला, जो शेवटच्या चार पानांत पहिल्यांदा घरात येतो. मी पुस्तक भिंतीवर आपटलं. नानांनी उचललं, धूळ झटकली आणि म्हणाले, "शेवट नसता तर बरं पुस्तक होतं."

या वेळी दोन शब्दांत भागवू नकोस.

ताई


२ मार्च

काल बघितला तुझा भाग.

आता शेपूट म्हणायचीही इच्छा नाही. मी तुला थट्टेने लिहीत होते. म्हटलं, लिहू दे बाई माझ्यावर, मीच चालून गेले तर निदान बोलणं तरी सुरू होईल. कबूल करते, पहिलं पत्र पेटीत टाकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण तू काल जे दाखवलंस ते कुठल्या तोंडाने लिहिलंस?

दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून बाप धाकटीला फोन करतो. आत आई शेवटच्या घटका मोजतेय. आणि बाप म्हणतो, "बरी आहे ती. ताप उतरतोय. तू कामं आटपून सावकाश ये." म्हणजे धाकटी बिचारी निष्पाप! तिला कुणी सांगितलंच नाही! दोषी कोण, तर म्हातारा!

आपल्या घरात काय झालं ते मी विसरलेले नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा मी तिच्या उशाशी होते आणि तुला फोन करायचं काम नानांकडे होतं. रोज करायचे. मी स्वतः पाहिलंय, जिन्यात उभे राहून, एका कानावर हात ठेवून. तुला सगळं कळत होतं. तरी तू आलीस ती आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि येताना काय, तर संत्र्यांची पिशवी! आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी. मी दारातच विचारलं, "आता कशाला आलीस? आई काल गेली." तू एक शब्द बोलली नाहीस. पायरीवर बसलीस. नाना बाहेर येऊन तुझ्याशी काहीतरी बोलले, मी खिडकीतून बघत होते. सकाळी तू निघून गेलीस. मी तेव्हाही म्हटलं, खरं असतं तर बोलली असती. गप्प बसली म्हणजे दोषी.

आणि आता चार वर्षांनी टीव्हीवर बोलतेस? लाखो लोकांसमोर स्वतःच्या बापावर ढकलतेस? तो माणूस माझ्या शेजारी बसून हे बघत होता गं. मध्येच उठला. भिंत धरून खोलीत गेला. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "लेखक हुशार आहे."

हे माझं शेवटचं पत्र समज.


९ मार्च

शेपूट,

मागचं पत्र फाड. फाडलं नसशील तर आता फाड.

आज रविवारच्या पुरवणीत 'एक जुना सभासद' याची मुलाखत आली आहे, फोटोसकट. टक्कल पडलेला, पन्नाशीचा गृहस्थ. तू आठवून बघ, घड्याळजींचा मुलगा, जो प्रत्येक पुस्तकात बिस्किटाचा चुरा भरून परत करायचा आणि ज्याला मी दोन पुस्तकं घरी नेऊ द्यायची नाही. तो. त्याने लिहिली आहे मालिका. म्हणतो, लहानपणी आमच्या गल्लीतल्या लायब्ररीत एक विलक्षण गृहस्थ होते आणि त्यांची मुलगी एवढी कडक होती की सगळे सभासद तिला पाठीमागे फौजदार म्हणत.

सगळे! मला आजवर वाटत होतं, फक्त तूच म्हणतेस.

तर तू सुटलीस. माझे सगळे पुरावे कचऱ्यात गेले. तू ती मालिका बघतही नव्हतीस, आणि मी मात्र तुझ्या दोन शब्दांवर खटला चालवत बसले. मला हसू आलं, आणि मग एकदम ते थांबलं, कारण मुलाखतीत पुढे एक प्रश्न होता. बापाने खोटं सांगितलं हे तुम्हाला सुचलं कसं? घड्याळजींचा मुलगा म्हणतो, "सुचलं नाही. जो माणूस आयुष्यभर शेवटचं प्रकरण कापून खणात ठेवतो, तो दुसरं काय करणार?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी पेपर घेऊन नानांच्या खोलीत गेले. ते पडून होते. मी म्हटलं, "नाना, खुनी कोण ते ओळखलंय मी. खण उघडा."

त्यांनी चष्मा शोधला. चष्मा नाकावरच होता. मग म्हणाले, "तुला कळायला बराच वेळ लागला, मोठे."

"तुम्ही शेपटीला काय सांगत होता फोनवर?"

"आई बरी आहे."

"आणि गेल्यावर?"

"गेल्यावर फोनच केला नाही. हात उचलेना."

मी ओरडले. भावोजी हवामान सोडून आत आले, त्यांना मी बाहेर पाठवलं. म्हटलं, "का असं केलंत?" तर नाना खिडकीकडे बघत म्हणाले, "इथे आपल्या सगळ्यांसाठी ती संपत चालली होती गं. तिकडे एका पोरीपुरती तरी तुझी आई बरी होती. म्हटलं, एवढी एक जागा राहू दे."

यावर काय बोलायचं, तू सांग.

मग पायरीवर काय झालं तेही त्यांनी सांगितलं. ते म्हणाले होते, मी आत जाऊन मोठीला खरं सांगतो. आणि तू म्हणालीस, "नको. तिला कळलं तर ती तुम्हाला कधी माफ करणार नाही, आणि तुम्हाला राहायचंय तिच्याकडेच. माझ्यावर चिडू दे, मी लांब आहे." नाना म्हणाले, "सांगेन कधीतरी." तर तू म्हणालीस, "तुम्ही? तुम्ही शेवट सांगणार?"

हे सांगताना ते हसले, आणि मग हसता हसता त्यांना आवरेना.

शेपटे, मी रोज लोकांचे खिसे उलटे करते. सदऱ्यावरचा डाग बघून सांगते, कोण कुठे जेवून आलं. आणि संत्री माझ्या डोळ्यांसमोर होती. गेलेल्या माणसासाठी कुणी संत्री आणतं का? तुला माहीत नव्हतं, हे त्या पिशवीवर लिहिलं होतं. तुझी आई गेली हे तुला मी दारात, त्या शब्दांत सांगितलं. हे मला सहन होत नाहीये. बाकीचं समोर आलीस की बोलेन, कागदावर जमत नाही.

नानांवर चिडू की नको, तेही ठरत नाही. नंतर त्यांच्या खोलीवरून दोनदा न बोलता गेले. तिसऱ्यांदा चहा घेऊन गेले.

ताई


१४ मार्च

शेपूट,

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आधीच लिहितेय, कारण थांबण्यात अर्थ नाही.

तुझ्यावरचा आळ उठला तसे माझे बाकीचे पुरावे बेवारशी झाले. नाना तुला खबर देत नव्हते, मग केस कापायला कुठे जात होते? दुसरा चहा का सोडला? पट्टा का सैल झाला? आणि गार पाण्यात निघणारा, सुकला की तपकिरी होणारा डाग कशाचा असतो, हे पहिल्या पत्रात तुला मीच शिकवत होते. दुसऱ्या कुणाच्या कपड्यावर बघितला असता तर झोपेतसुद्धा सांगितलं असतं. पण सदरा नानांचा होता, आणि मी त्या वेळी तुझ्या मागावर होते.

काल ते म्हणाले, "जरा केस कापून येतो." मी लाँड्रीचं काउंटर मालकांवर सोपवलं आणि मागे गेले. नाना न्हाव्याचं दुकान ओलांडून पुढे गेले. त्यांनी आत बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात शिरले. काचेतून मला दिसत होतं. बाकावर बसले, सदऱ्याची बाही कोपरावर सरकवली, आणि नर्सपुढे हात धरला, रोजचा सराव असल्यासारखा. मला वाटलं होतं, पकडलं की आनंद होईल. आयुष्यभर मला पकडायला आवडलं आहे.

मी आत जाऊन त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी वळून बघितलं आणि म्हणाले, "नर्सने मारलंय."

ती नर्स आमच्याकडे बघत राहिली. आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो.

मग डॉक्टरांनी मला आत बोलावलं. बाहेर आले तेव्हा नाना कोपरावर कापूस दाबून उभे होते. वाटेत एका पायरीवर बसलो, आता त्यांना एका दमात घरापर्यंत येववत नाही. म्हणाले, "शेपटीला लिहितेस ना तू? तिला यातलं काही नको. मालिका संपू दे, मग बघू. लिही, नाना मजेत आहेत." मी म्हटलं, "लिहिते."

तर लिहिते. नाना मजेत नाहीत. रक्ताचा आजार आहे, वर्षभर तरी असावा. औषधाने थोडा लांबेल, बरा होणार नाही. पावसाळा बघतील असं डॉक्टर म्हणाले, त्यापुढचं ते बोलले नाहीत. मी दोनदा विचारलं.

आपल्या घरात शेवट कापून ठेवायची खोड होती. सांगून टाकायची ती एकटी आई. आता ती नाही, तेव्हा तिचं काम मी करतेय. ती कानात सांगायची, मला तेवढं हळू बोलता येत नाही.

कामं आटपत बसू नकोस, सावकाश येऊ नकोस. येशील तेव्हा दारात मी उभी असेन, पण या वेळी काही विचारणार नाही. आणि संत्री आण. नाना अजून खातात.

ताई